पर्सच्या तळाशी पडलेली मिरची

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. दुपारची पाळी असली की घरी पोचायला तिला साडेअकरा होतात. गेल्या दिवाळीत ताईने नेहमीची काळजी बोलून दाखवली, तेव्हा ती सहज म्हणाली, "अगं आई, माझ्याकडे पेपर स्प्रे असतो ना!"

मी म्हटलं, "दाखव बघू."

तिने पर्स उघडली. इअरफोनची गुंतवळ निघाली, मग चार्जर, कंगवा, पार्लेचा अर्धा पुडा, कसल्या कसल्या पावत्या. बाटली हाती लागेस्तोवर गॅसवरचा चहा उतू जायला आला होता. मग ती उलटसुलट करून भोक नेमकं कुठल्या बाजूला आहे ते शोधलं. मग खटका सरकेना. शेवटी मी चष्मा लावून बुडाशी छापलेली तारीख वाचली, तर मुदत संपून सव्वा वर्ष झालेलं!

कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या मावशीला एवढं निमित्त पुरतं. त्या सुट्टीत भाचीला जे ऐकून घ्यावं लागलं, तेच इथे लिहिते आहे.

आधी नावाचा घोळ. मराठीत पेपर म्हणजे सकाळी दारात पडतो तो, नाहीतर परीक्षेत अवघड जातो तो. हा तिसरा. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ मिरी, पण या बाटलीत मिरीचा कणही नसतो, असते ती मिरची. घोटाळा कोलंबसापासूनचा आहे. १४९२ मध्ये गडी निघाला होता मिरीमसाल्याच्या आशेने हिंदुस्थानाकडे, आणि पोचला कॅरिबियन बेटांवर. तिथलं तिखट लाल फळ चाखून त्याने त्याला मिरीचंच नाव देऊन टाकलं. आपण हसायचं कारण नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते फळ गोव्याला उतरलं, तेव्हा आपणही मिरीवरूनच 'मिरची' केलं. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात ठेचा नव्हता, हे वर्गात सांगितलं की मुलांचा विश्वास बसायचा नाही.

मिरचीत झोंबणारा पदार्थ असतो कॅप्सेसिन. तो बियांत असतो असा स्वयंपाकघरातला ठाम समज आहे, पण खरं कोठार म्हणजे बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो आतला पांढरा गाभा. बिया त्याच्याशी लागून असतात म्हणून त्याही तिखट लागतात, इतकंच. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात, तुपात, अल्कोहोलमध्ये मात्र चटकन विरघळतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

वाळलेल्या मिरचीची भुकटी करून ती अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवली आणि नंतर द्रावक उडवून लावला की मागे काळपट लाल, काकवीसारखा दाट, चिकट अर्क उरतो. त्याला म्हणतात ओलिओरेझिन कॅप्सिकम, थोडक्यात ओसी. मुळात हा खाद्यउद्योगातला माल. वेफर्सवरचा 'मसाला' झोंबतो तो बऱ्याचदा याच्याच जोरावर. तोच अर्क पातळ करून दाबाखालच्या वायूबरोबर डबीत भरला की झाला पेपर स्प्रे. शीतपेयाची बाटली हलवून उघडल्यावर जे होतं तेच इथे होतं, फक्त भोक बारीक आणि दिशा आपल्या हातात.

आता तो काय करतो ते बघू. 'गरम' आणि 'तिखट' या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, पण ठेचा जास्त झाला की आपणही 'आग झाली', 'जाळ निघाला' असंच म्हणतो. मिरचीला 'तिखटजाळ' म्हणतो. ही नुसती बोलण्याची पद्धत नाही, शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते शब्दशः खरं आहे. आपल्या वेदनेच्या मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनाची बनलेली बारीक दारं असतात. त्यांतलं एक दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की उघडतं, बाहेरचे कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूला निरोप जातो: भाजतंय, हात काढ. कॅप्सेसिनचा रेणू नेमका याच दाराच्या कुलपात बसतो. तापमान तेवढंच असलं तरी दार उघडतं आणि निरोप तोच जातो. मेंदूला हा फरक कळायला काही मार्गच नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ मध्ये हे दार शोधून काढलं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. त्यासाठी त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूशन यांच्याबरोबर विभागून.

म्हणजे पेपर स्प्रे माणसाला भाजत नाही, 'तू भाजतोयस' अशी थाप मारतो. पण ही थाप शरीर इतकी मनावर घेतं की खरी सूज येते, खरं पाणी गळतं. चिडलेले मज्जातंतू स्वतःच अशी रसायनं सोडतात की आसपासच्या रक्तवाहिन्या फुगतात.

पोपट मिरच्या कशा खातात, असा प्रश्न लहानपणी सगळ्यांना पडतो. त्याचं उत्तरही इथेच आहे. पक्ष्यांमध्येही हे दार असतं, उष्णतेला उघडतंही, पण त्याचं कुलूप जरा वेगळ्या घडणीचं असल्यामुळे कॅप्सेसिनची किल्ली त्याला लागत नाही. मिरचीच्या झाडाचा हा हिशेब मला फार आवडतो. दातांनी बी चावून मारणाऱ्या सस्तन प्राण्यांना हाकलायचं आणि बी सगळीच्या सगळी दूरवर नेऊन टाकणाऱ्या पक्ष्यांना जेवू घालायचं. आपण मात्र असे सस्तन निघालो, की हाकलल्यावर जास्तच खायला लागलो.

खाल्लेली मिरची आणि डोळ्यांत गेलेली मिरची यांत मोठा फरक आहे. जिभेला सवय होते, डोळ्याच्या बुबुळाला होत नाही. बुबुळाचा पारदर्शक पडदा म्हणजे शरीरातल्या सगळ्यांत दाट मज्जातंतूंच्या जागांपैकी एक. तिथे हे थेंब बसले की पापण्या आपोआप घट्ट मिटतात. ठरवून उघडायच्या म्हटल्या तरी उघडत नाहीत. नाकातून धार लागते, चेहरा पेटल्यासारखा होतो, श्वासाबरोबर आत गेलं की खोकल्याची उबळ येते आणि आवाज फुटत नाही. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करतात त्यांना याची चव माहीत आहे. कांडपाच्या दुकानात शिरल्याबरोबर जो ठसका लागतो, तो या प्रकाराचा अगदी सौम्य भाऊ. स्प्रेचा मुख्य जोर साधारण पंधरा मिनिटं ते पाऊण तास टिकतो, कातडीची आग काही तास रेंगाळते.

मग साधी मिरचीपूड का नाही? 'डोळ्यांत मिरचीपूड फेकून लुटलं' ही बातमी तर आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. पूड फेकायची म्हणजे माणूस हाताच्या अंतरावर हवा, आणि वारा आला की अर्धी आपल्याच तोंडावर. कोरडी पूड डोळ्यांत जाऊन भिजेपर्यंत तिचा जोर यायलाही वेळ लागतो. अर्काचे थेंब तेलकट असतात, चिकटतात आणि लगेच भिनतात. घरी तिखट उकळून, गाळून, साध्या फवाऱ्याच्या बाटलीत भरायचे जे व्हिडिओ फिरत असतात, त्यांच्या नादी मुळीच लागू नका. पाण्यात कॅप्सेसिन उतरत नाही हे वर आलंच. शिवाय भुकटीचे कण नेमके गरजेच्या वेळी भोकात अडकतात, आणि त्या बाटलीत दाब तर नसतोच.

अश्रुधुराशीही याची गल्लत होते. अश्रुधुरातली सीएन आणि सीएस ही माणसाने बनवलेली रसायनं. सीएस १९२८ मध्ये कॉर्सन आणि स्टॉटन या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं, त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे सीएस. ही रसायनं डोळ्यांची चुरचुर करतात आणि वेदना देतात. ती सहन करायची ठरवली, किंवा दारूमुळे जाणवलीच नाही, तर माणूस पुढे येऊ शकतो. मिरचीच्या अर्काने सूज येते आणि पापण्या मिटतात, तिथे इच्छाशक्तीला फारसा वाव राहत नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये ॲलन लिटमन यांनी घरगुती वापराची 'मेस' नावाची जी डबी काढली, तिच्यात मिरची नव्हतीच, सीएन होतं. मिरचीचा अर्क त्याच दशकात तिथले पोस्टमन वापरायला लागले होते, पण माणसांवर नाही, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांवर. पोलिसांच्या पट्ट्याला तो लागला १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

त्याच सुमारास मोंटाना विद्यापीठात अस्वलांवर काम चाललं होतं, त्यातून अस्वलासाठीचा स्प्रे आला. अमेरिकेत त्याचे निकष कडक आहेत: डबी किमान ७.९ औंसांची हवी, फवारा किमान २५ फूट जायला हवा आणि सहा सेकंद टिकायला हवा. अलास्कातल्या १९८५ ते २००६ पर्यंतच्या घटना तपासून २००८ मध्ये एक अभ्यास छापला गेला. त्यात तपकिरी अस्वलांवर फवारा मारल्यावर शंभरातल्या ९२ वेळा त्यांचा धिंगाणा थांबला होता. गंमत म्हणजे काही लोकांनी डासांचं मलम लावावं तसा तो आधीच तंबूवर मारून ठेवला. जुन्या झालेल्या त्या तेलकट वासाने अस्वलं उलट जवळ आली, चाटायला! फवारा हवेत तोंडावर आला तर शत्रू, वाळून बसला तर चटणी.

आता बाटलीवरचे आकडे. इथे सर्वांत जास्त फसवणूक होते, आणि इथेच माझ्यातली मास्तरीण जागी होते. बाटलीवर दोन आकडे ठळक असतात: ओसी इतके टक्के, आणि स्कोव्हिल युनिट इतके लाख. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिखटपणा मोजायची युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईल तोवर. जितक्या पट पातळ करावा लागला तितके स्कोव्हिल. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा १ कोटी ६० लाख. आसामची भूत जोलोकिया २००७ मध्ये गिनीजमध्ये जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेली, तिचा आकडा होता १० लाख १ हजार ३०४. हल्ली जिभेऐवजी यंत्राने मोजतात, पण एकक तेच राहिलं.

मेख अशी, की बाटलीवरचा लाखांचा आकडा बहुधा आतल्या पातळ द्रवाचा नसतो, पातळ करण्याआधीच्या अर्काचा असतो. आणि टक्केवारी सांगते फक्त अर्क किती घातला ते, तो किती जहाल होता ते नाही. एखादी म्हणाली की 'मी ठेच्यात दहा मिरच्या घातल्या', तर तुम्ही लगेच विचाराल की ब्याडगी की लवंगी? रंगाच्या मिरच्या दहा घाला नाहीतर पंधरा. तसंच हे.

हिशेब करून बघू. एका बाटलीवर लिहिलंय: १० टक्के ओसी, २० लाख स्कोव्हिल. २० लाखाला १ कोटी ६० लाखाने भागलं की अर्कात झोंबणारा भाग येतो साडेबारा टक्के. त्याचे दहा टक्के म्हणजे बाटलीत सव्वा टक्का. दुसऱ्या बाटलीवर मोठ्या लाल अक्षरांत: १८ टक्के ओसी. पण तिचा अर्क ५ लाखांचा. म्हणजे अर्कात जेमतेम तीन टक्के, आणि बाटलीत अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. अठरावाली बाटली दहावालीच्या निम्मीही नाही! म्हणून खरा आकडा एकच, झोंबणाऱ्या घटकांचं एकूण प्रमाण, ज्याला कॅप्सेसिनॉइड्स म्हणतात. बाजारातल्या चांगल्या बाटल्यांवर तो एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वर दिसतो. अस्वलाच्या डबीत एक ते दोन टक्के असतो. अस्वलाला फार वेगळी मिरची लागत नाही, जास्त मिरची आणि जास्त अंतर लागतं. बाटलीवर हा आकडा छापलेलाच नसेल, तर बाकीच्या लाखांकडे जाहिरात म्हणून बघा.

फवाऱ्याचेही प्रकार आहेत. एक धुक्यासारखा पसरतो. नेम फारसा धरावा लागत नाही, पण वाऱ्यावर भरकटतो आणि बंद खोलीत सगळ्यांनाच लागतो. दुसरी सरळ धार, ती दूर जाते आणि वारा तिला कमी हलवतो, पण नेम हवा. तिसरा जेल, घट्ट आणि चिकट, हवेत उडत नाही. मात्र श्वासात कमी जातो आणि डोळ्यांत नीट बसला तरच काम करतो. बस, रिक्षा, लिफ्ट अशा जागी वावर असेल तर धार किंवा जेल बरं. पर्सच्या बाटल्यांचा पल्ला साधारण दोन ते चार मीटर, म्हणजे साडेचार ते नऊ हात.

बंद जागेत काय होतं ते आपल्या संसदेने देशाला दाखवलं आहे. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत तेलंगणाचं विधेयक मांडलं जात असताना विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी पेपर स्प्रे फवारला. सगळं सभागृह खोकत बाहेर पडलं, काही खासदारांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात फवारणाऱ्याचे विरोधक, मित्र, कोण कुठे बसलंय, असा काही भेद फवाऱ्याने केला नाही.

सरकारी यंत्रणांनीही मिरची हाताळली आहे. तेजपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेत भूत जोलोकियाचा हातगोळा बनवला गेला. २०१६ मध्ये काश्मीरमध्ये छर्‍यांच्या बंदुकांना पर्याय म्हणून पावा नावाच्या रसायनाचे गोळे आणले. पावा हे कॅप्सेसिनचंच प्रयोगशाळेत बनवता येणारं भावंड. ब्रिटिश पोलिसांच्या डबीतही तेच असतं. आणि २०१४ च्या शरद ऋतूत हाँगकाँगमध्ये निदर्शकांनी पोलिसांच्या फवाऱ्यापुढे साध्या छत्र्या धरल्या, त्यावरून त्या आंदोलनाचं नावच छत्री आंदोलन पडलं. इतक्या जहाल गोष्टीला एक कापडी छत्री अडवते, हे विकत घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

कारण माझं म्हणणं इथेच आहे. पेपर स्प्रे माणसाला आडवा करत नाही. तो फक्त थोडा वेळ आणि थोडं अंतर मिळवून देतो, आणि ते वापरायचं पळायला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मोजून सांगितलं होतं, की धडधाकट माणूस २१ फुटांचं अंतर दीड सेकंदात कापतो. आमच्या दिवाणखान्याची लांबी सोळा फूट आहे. भाचीला म्हटलं, तू पर्समधून तो बिस्किटाचा पुडा बाजूला करेपर्यंत तो माणूस तुझ्यापाशी पोचून पाणी पिऊन होईल.

म्हणून बाटलीची जागा पर्स नाही. जॅकेटचा खिसा, पर्सच्या पट्ट्याला बाहेरून अडकवलेलं पाकीट, किंवा सुनसान टप्प्यात सरळ मुठीत. मूठ वळायची आणि खटक्यावर अंगठा ठेवायचा. तर्जनीने दाबायला गेलं तर पकड सैल पडते आणि कुणीही हिसकावतं. बाटली उभी धरायची, आडवी-तिडवी केली तर बऱ्याच बाटल्यांतून नुसता वायू निघतो. दुसरा हात पुढे, समोरच्याला लांब ठेवायला. जमलं तर मोठ्याने ओरडायचं, 'मागे हो!' त्याने लोकही बघतात. समोरचा पल्ल्यात आला की डोळ्यांच्या रेषेत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, एक-दीड सेकंद. लगेच बाजूला सरकायचं, कारण डोळे मिटलेला माणूससुद्धा तुम्ही जिथे होता तिथे झेप घेऊ शकतो. मग उलट्या दिशेला, उजेडाकडे, माणसांकडे पळायचं आणि ११२ लावायचा. परिणाम झालाय का हे बघत थांबायचं नाही. काही जणांवर तो उशिरा होतो, नशेत किंवा संतापात असलेल्या काहींवर फारसा होतच नाही. तीन फुटांच्या आतून मात्र धार थेट डोळ्यांत मारू नये. तिथे मिरचीपेक्षा दाबाच्या माऱ्यानेच डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

जुनी बाटली वाया का घालवायची म्हणून आम्ही दोघी ती घेऊन गच्चीवर गेलो. मी तोंडाला ओढणी बांधली, भाची हसत होती. टाकीच्या भिंतीकडे रोखून तिने दाबलं. पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा एक धार निघाली ती जेमतेम दोन हातांवर जाऊन खाली वाकली. मिरची खराब झाली नव्हती, वायू हळूहळू गळून दाब गेला होता. मुदत असते ती याची. एवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली, दोन-चार थेंब आमच्याकडे आले, आणि हसणारी भाची कठड्याला धरून खोकायला लागली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघून विचारलं, "कुणाची गं फोडणी करपली?"

त्यामुळे उपचाराचं प्रात्यक्षिकही लगेच झालं. पहिली गोष्ट, चोळायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला महाकठीण, कारण हात आपोआप डोळ्यांकडे जातो आणि तेल आणखी पसरवतो. मोकळ्या हवेत यायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं. पुन्हापुन्हा डोळे मिचकवायचे, म्हणजे अश्रूच धुण्याचं काम करतात. काँटॅक्ट लेन्स असतील तर हात साबणाने धुऊन काढायच्या आणि फेकून द्यायच्या. मग डोकं वाकवून, पाणी अंगावर न ओघळता खाली पडेल अशा बेताने, गार पाण्याने भरपूर धुवायचं. कातडीला डोळ्यांना न झोंबणारा लहान मुलांचा शाम्पू किंवा साधा साबण, कारण तेल पाण्याने निघत नाही, फेसाने निघतं. गरम पाणी नको. तापलं की ते दार आणखी उघडतं. कपडे वेगळे धुवायचे. रात्री आंघोळ करताना केसांतला उरलेला अंश ओघळून पुन्हा आग झाली तर घाबरायचं नाही.

दुधाबद्दल सगळेच विचारतात. तोंडात तिखट झालं की दूध किंवा ताक उपयोगी पडतं, दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला ओढून नेतात. तोंडावर स्प्रे पडल्यावर काय, हे २००८ मध्ये ४९ स्वयंसेवकांवर खरोखर करून पाहिलं गेलं: दूध, लहान मुलांचा शाम्पू, बधिर करणारं जेल, आम्लपित्ताचं औषध आणि साधं पाणी. पाचांत लक्षणीय फरक सापडला नाही. वेदना कमी झाली ती वेळ गेल्यामुळे. मग पिशवीतलं दूध डोळ्यांत ओतून जंतूंना बोलावणं कशाला? पाणी सगळीकडे मिळतं. दमा असलेल्याला श्वास लागला, छातीत घरघर सुरू झाली, किंवा तासाभराने धूसर दिसणं आणि डोळ्यांतली कळ तशीच राहिली, तर मात्र घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

कायद्याचं थोडक्यात. भारतात स्वसंरक्षणासाठी पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागत नाही. पण वापर कधी केला याला हिशेब द्यावा लागतो. भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, आणि बचावाला जेवढं लागेल तेवढंच, ही त्याची अट आहे. पार्किंगच्या भांडणात रागाने मारला तर तो बचाव नाही, इजा आहे. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका वादातला गुन्हा रद्द करायला नकार दिला, कारण फवारणाऱ्यांच्या जीवाला तातडीचा धोका दिसत नव्हता, आणि पेपर स्प्रे घातक हत्यार ठरू शकतो असंही म्हटलं.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलींच्या आयांसाठी खास: बेसनाच्या लाडवांच्या डब्याशेजारी ही बाटली ठेवू नका. विमानात ती हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खालच्या सामानातही चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. शिवाय ब्रिटनमध्ये सामान्य माणसाने ती नुसती जवळ बाळगणं हासुद्धा १९६८ च्या बंदुकांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. कॅनडात अस्वलासाठी घ्यायला परवानगी आहे, माणसासाठी नाही. अमेरिकेत चालते, पण राज्यागणिक अटी बदलतात.

भाची परत निघायच्या आदल्या दिवशी आम्ही नवी बाटली आणली. आणल्या आणल्या गच्चीवर नेऊन, या वेळी वारा पाठीशी घेऊन, अर्धा सेकंद दाबून पाहिली. टाकीच्या भिंतीवर तळव्याएवढा नारिंगी डाग पडला. मग दिवाणखान्यात ताईला दाराशी उभी केली आणि खटका बंद ठेवून भाचीकडून बाटली काढायचा सराव करून घेतला. पहिल्या खेपेला ताई सोफ्यापर्यंत आली, पाचव्या खेपेला दोन पावलंही टाकू शकली नाही. बाटलीवर मी मार्करने मोठ्या अक्षरांत संपायचा महिना लिहून दिला आहे. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नकोस, तापली तर फुटेल, हेही सांगून झालं. आता ती फोनवर काही बोलायच्या आत मी विचारते, "कुठल्या खिशात आहे?" आणि ती वैतागून सांगते, "उजव्या, मावशी, उजव्या."